ज्यूंवरचा हल्ला ही युद्धाची बातमी नव्हे

संपादक महोदय,

सिडनीच्या बोंडी किनाऱ्यावर १४ डिसेंबर २०२५ रोजी, हनुक्का या ज्यूंच्या सणाच्या पहिल्या संध्याकाळी दिवे लावायला जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला आणि १५ माणसं गेली. आपल्या दैनिकाने ती बातमी पहिल्या पानावर घेतली, ते योग्यच झालं. पण आतल्या पानावर तिचा उरलेला भाग गाझाच्या नकाशाखाली, इस्रायली रणगाड्याच्या छायाचित्राला लागून छापला गेला. त्यानंतर वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांनी लिहिलं, की पेराल तसं उगवतं, गाझात जे चाललं आहे त्याचीच ही प्रतिक्रिया आहे. त्या पत्राला उत्तर म्हणून हे लिहिते आहे. लांबलं तर जरूर कापा, फक्त आकडे कापू नका.

मी बेने इस्रायली आहे, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी. आमचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले, कोकणात तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शनवार तेली म्हणून ओळखले गेले. आमच्या घरात मराठी बोलतात, आडनाव गावावरून आलेलं 'कर' लावलेलं आहे, आणि मटणासोबत दूध चालत नाही म्हणून रस्सा नारळाच्या दुधाचा असतो. मी आग्रीपाड्याला राहते. नोकरी पोलीस खात्यात लिपिक म्हणून झाली आणि तिचा मोठा भाग गुन्ह्यांचे मासिक तक्ते तयार करण्यात गेला. त्यामुळे आकडा कसा तयार होतो हे मला थोडं कळतं, आणि ज्यूद्वेषाबद्दल बोलताना आकड्यांपासूनच सुरुवात केली पाहिजे असं मला वाटतं.

ठाण्यात एखादा माणूस येऊन सांगतो, की अमक्याने माझ्या धर्मावरून शिव्या दिल्या, ढकललं. ठाणे अंमलदार ते अदखलपात्राच्या वहीत 'शिवीगाळ व धक्काबुक्की' म्हणून उतरवतो. महिनाअखेर बेरीज होते तेव्हा धर्म त्यातून गळून गेलेला असतो, कारण तक्त्यात कारणाचा रकानाच नसतो. आपल्या कायद्यात द्वेषापोटी केलेला गुन्हा असं वेगळं शीर्षक नाही. पूर्वी दंड संहितेचं १५३-अ होतं, आता न्याय संहितेचं कलम १९६ आहे, पण ते समाजासमाजांत वैर पसरवण्यासाठी आहे. रस्त्यात एकाने दुसऱ्याला त्याच्या धर्मावरून चोप दिला, तर तो बहुधा साध्या मारहाणीतच मोजला जातो. म्हणून परदेशातले आकडे समोर आले की मी आधी बघते, हे कोणी मोजलं आणि कोणत्या वहीतून मोजलं.

ब्रिटनमध्ये हे काम कम्युनिटी सिक्युरिटी ट्रस्ट ही ज्यू समाजाची संस्था करते. तिच्याकडे २०२२ साली १,६६२ घटनांची नोंद झाली, २०२३ साली ४ हजारांहून जास्त आणि २०२४ साली ३,५२८. चौकशीत ज्यूद्वेष सापडला नाही तर आलेली तक्रार ती संस्था बेरजेत धरत नाही, म्हणून या वहीवर माझा विश्वास आहे. फ्रान्समध्ये २०२२ साली ४३६, पुढच्या वर्षी १,६७६ आणि त्यापुढच्या वर्षी १,५७० अशी नोंद आहे. जर्मनीत दोन वह्या आहेत. पोलिसांची वही २०२२ साली २,६४१ गुन्हे सांगते, २०२३ साली ५,१६४ आणि २०२४ साली ६,२३६. रियास नावाची नागरी नोंदणी संस्था २०२४ साठी ८,६२७ घटना सांगते, कारण गुन्ह्याच्या व्याख्येत न बसणारा अपमानही ती नोंदवते. ऑस्ट्रेलियातल्या ज्यूंच्या मध्यवर्ती परिषदेकडे ऑक्टोबर ते सप्टेंबर असं वर्ष धरतात. तिथे ४९५ वरून आकडा एका वर्षात २,०६२ वर गेला, आणि तो ऑक्टोबर २०२३ नंतरच्या वर्षाचा आहे. बोंडीच्या हल्ल्याआधी हा कागद सगळ्यांसमोर होता.

अमेरिकेत फरक सर्वांत मोठा दिसतो. अँटी-डिफेमेशन लीग ही ज्यूंची संस्था २०२२ साली ३,६९७ घटना सांगते, २०२३ साली ८,८७३ आणि २०२४ साली ९,३५४. त्याच २०२३ साली एफबीआय या सरकारी तपास संस्थेकडे ज्यूंविरुद्धच्या १,८३२ घटना नोंदल्या गेल्या. एफबीआय फक्त पोलिसांनी गुन्हा म्हणून कळवलेलं मोजते, लीग त्यापलीकडचंही मोजते, आणि ऑक्टोबर २०२३ नंतर मोर्चांमधल्या काही घोषणाही तिने मोजायला घेतल्या. २०२४ च्या तिच्या बेरजेत निम्म्याहून जास्त घटनांमध्ये इस्रायल किंवा झायोनिझमचा, म्हणजे ज्यूंच्या स्वतंत्र राष्ट्राच्या चळवळीचा, संबंध होता. यावरून तिथल्या ज्यू समाजातच वाद झाला. माझं मत विचाराल तर घोषणा आणि दगड एका बेरजेत नकोत. वेगवेगळ्या रकान्यांत दाखवा, वाचक ठरवेल. घोषणा बाजूला ठेवल्या तरी एफबीआयचा आकडा उरतोच. लोकसंख्येत दोन टक्क्यांच्या आसपास असलेल्या समाजाच्या वाट्याला धर्मावरून झालेल्या गुन्ह्यांपैकी दोन तृतीयांश येतात.

तेव्हा एका देशाचा आकडा दुसऱ्याशेजारी ठेवून कोण जास्त वाईट हे ठरवण्यात अर्थ नाही. पण प्रत्येक वही तिच्याच आदल्या वर्षाशी ताडून पाहिली तर सगळीकडे एकच दिसतं. २०२३ च्या शेवटी उसळी आहे, आणि पुढे ब्रिटन-फ्रान्समध्ये थोडा उतार असला तरी जुन्या पातळीवर कोणीच परतलेलं नाही.

हे वाचून ते गृहस्थ म्हणतील, बघा, गाझाचंच कारण. म्हणून पुढचं नीट सांगते. हमासने हल्ला केला तो ७ ऑक्टोबर २०२३ रोजी, आणि सुमारे १,२०० माणसं मारली. ब्रिटनच्या वहीत वाढ त्याच दिवसापासून दिसते आणि ती त्या आठवड्यातच शिखराला पोचली. इस्रायली सैन्य गाझात शिरलं ते महिन्याच्या अखेरीला. म्हणजे ज्यू मारले गेल्याची बातमी आली आणि लंडनमधल्या ज्यूंना त्रास देणं वाढलं. याला प्रतिक्रिया म्हणायचं तर कशाची? दुसरा कागद युरोपीय संघाच्या मूलभूत हक्क संस्थेचा. तेरा देशांतल्या सुमारे ८,००० ज्यूंना प्रश्न विचारले गेले. त्यातल्या ९६ टक्क्यांना आदल्या वर्षभरात ज्यूद्वेष कुठे ना कुठे भेटला होता आणि ७६ टक्के लोक निदान अधूनमधून तरी आपण ज्यू असल्याचं लपवत होते. अहवाल जुलै २०२४ मध्ये आला, पण उत्तरं घेतली गेली होती २०२३ च्या जानेवारी ते जूनमध्ये, युद्धाच्या आधी.

त्याही मागे जाऊ. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, ११ माणसं मारली गेली. मारणाऱ्याचा राग इस्रायलवर नव्हता, ज्यू संस्था निर्वासितांना मदत करतात यावर होता. पुढच्या वर्षी जर्मनीतल्या हाले शहरात योम किप्पूर या उपवासाच्या दिवशी, म्हणजे माझी आजी ज्याला दारफळणीचा सण म्हणायची त्या दिवशी, एक तरुण बंदूक आणि घरी बनवलेले बॉम्ब घेऊन सिनेगॉगवर आला. आत पन्नासच्या आसपास माणसं उपवासाने प्रार्थना करत होती. लाकडी दार गोळ्यांनी फुटलं नाही. मग त्याने रस्त्यावरून जाणाऱ्या एका बाईला आणि कबाबच्या दुकानातल्या एका तरुणाला मारलं. दोघंही ज्यू नव्हते. हे सगळं तो इंटरनेटवर थेट दाखवत होता. मँचेस्टरमध्ये २ ऑक्टोबर २०२५ रोजी पुन्हा योम किप्पूरच. हल्लेखोराने सिनेगॉगबाहेर माणसांवर गाडी घातली, मग सुरा काढला. आतल्यांनी दार आतून रेटून धरलं. दोघांचा जीव गेला, त्यातला एक दाराशी असताना पोलिसांचीच गोळी लागून. फ्रान्समध्ये तुलूझच्या ज्यू शाळेत २०१२ साली तीन मुलं आणि एक शिक्षक मारले गेले, त्या शिक्षकाची दोन मुलं त्या तिघांतली. तो मारेकरी पॅलेस्टिनी मुलांचा सूड म्हणत होता. तुलूझच्या शाळेतल्या मुलांनी कोणाचं काय केलं होतं, हे त्या गृहस्थांनी मला सांगावं.

हे करणारे लोक एका पक्षाचे नाहीत, आणि ही गोष्ट आपल्याकडच्या चर्चेत अजिबात येत नाही. पिट्सबर्ग आणि हालेचे मारेकरी गोऱ्या वंशाच्या वर्चस्वाचे. तुलूझचा स्वतःला जिहादी म्हणवणारा. बोंडीला गोळीबार करणाऱ्या बापलेकांना आयसिसच्या विचारांची प्रेरणा होती असं पोलिसांनी सांगितलं. तिसरा प्रकार सरकारांचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये सिडनीत एका कोशर, म्हणजे ज्यूंच्या आहारनियमांप्रमाणे चालणाऱ्या, खाद्यगृहाला आणि ६ डिसेंबरला मेलबर्नच्या सिनेगॉगला आग लावली गेली. पुढच्या ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियाच्या सरकारने या दोन्हीमागे इराण असल्याचं जाहीर करून त्या देशाच्या राजदूताला घालवून दिलं. डावे म्हणवणारेही यातून सुटलेले नाहीत. इस्रायलच्या सरकारवर टीका करता करता एखाद्या ज्यू विद्यार्थ्याकडून आधी त्या सरकारचा धिक्कार वदवून घ्यायचा आणि मगच त्याला गटात बसू द्यायचं, हे मला द्वेषाचंच रूप वाटतं.

आणि ही माणसं एकमेकांपासून शिकतात. मार्च २०१९ मध्ये न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये दोन मशिदींत ५१ मुसलमान मारले गेले. कॅलिफोर्नियातल्या एका तरुणाने ते पाहून आधी तिथल्या एका मशिदीला आग लावली आणि एप्रिलमध्ये पोवे गावच्या सिनेगॉगमध्ये शिरून एका बाईला मारलं, इतरांना जखमी केलं. क्राइस्टचर्चचा मारेकरी आणि हा तरुण या दोघांच्या डोक्यात एकच समज होता, की गोऱ्यांना हटवून त्यांच्या जागी बाहेरचे लोक आणले जात आहेत. पोवेच्या तरुणाच्या लेखी त्याचं कारस्थान ज्यू रचतात. म्हणून मुसलमानांवरचा द्वेष वाढला की ज्यू सुरक्षित होतात असं समजणाऱ्यांनी हे प्रकरण वाचावं. लंडनच्या त्या कम्युनिटी सिक्युरिटी ट्रस्टने हे ओळखलं. मुसलमानांविरुद्धच्या घटना मोजणारी टेल मामा ही संस्था २०१२ साली उभी राहिली, तेव्हा तिला नोंदी कशा ठेवायच्या हे शिकवायला ट्रस्टची माणसं पुढे होती. माझ्या जुन्या नोकरीमुळे असेल, पण मला या गोष्टीचं फार मोल वाटतं.

माणुसकीची उदाहरणंही आहेत आणि ती छापली गेली पाहिजेत. पॅरिसच्या कोशर दुकानात जानेवारी २०१५ मध्ये चौघे मारले गेले, तेव्हा लसाना बातिली या मालीहून आलेल्या मुसलमान कामगाराने गिऱ्हाइकांना तळघरातल्या शीतखोलीत लपवलं. बोंडीला सीरियात जन्मलेल्या अहमद अल-अहमद या दुकानदाराने एका हल्लेखोराच्या हातातली बंदूक हिसकावली. आणि आपल्याच शहरात, २६/११ नंतर, मेलेल्या नऊ अतिरेक्यांना मरीन लाइन्सच्या बडा कबरस्तानात जागा द्यायला मुसलमान विश्वस्तांनी नकार दिला होता. हे मुंबईकर विसरत चालले आहेत.

२६/११ ला हल्ला झालेल्या नरीमन हाउस या ज्यू केंद्राबद्दल एवढंच सांगते, की ते ठिकाण मारेकऱ्यांना वाटेत लागलं नव्हतं. कुलाब्याच्या आतल्या गल्लीतली ती इमारत आधी हेरून ठेवलेली होती. तिथे रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, गाव्रिएल होल्झबर्ग, त्यांची पत्नी रिव्का आणि त्यांच्याकडचे चार पाहुणे मारले गेले. लहानग्या मोशेला सँड्रा सॅम्युएल यांनी उचलून बाहेर काढलं. मुंबईत शेकडो वर्षं आम्हांला धर्मावरून कोणी बोट लावलं नव्हतं. तो दिवस बाहेरून आला. तेव्हापासून आमच्या सिनेगॉगच्या दाराशी पोलीस असतो. सणाला आम्ही त्याला चहा देतो, करंज्या देतो. त्याच्या असण्याची सवय झाली आहे, ती मला आवडत नाही.

आता आपल्या दाराशी काय आहे तेही लिहिते. ऑक्टोबर २०२३ मध्ये आमच्या इमारतीतल्या एका बाईंनी मला जिन्यात थांबवून विचारलं, "तुमच्या लोकांनी हे काय चालवलंय?" त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरचे एक काका म्हणाले, "तुमच्या लोकांनी बरी अद्दल घडवली त्यांना, आपल्याकडेही असंच पाहिजे." दोघंही प्रेमाचे शेजारी आहेत, आजारपणात डबा घेऊन येणारे. पण दोघांनीही मला आग्रीपाड्यातून उचलून तेल अवीवला नेऊन बसवलं. मी कधी इस्रायलमध्ये मतदान केलेलं नाही. माझी मावसभावंडं तिथे आहेत, अश्दोदला आणि लोदला, त्यांच्या जिवाची मला काळजी वाटते. गाझात मेलेल्या मुलांची छायाचित्रं मला बघवत नाहीत, आणि तिथल्या सरकारवर टीका करायला कोणालाही माझी हरकत नाही. इस्रायलमध्येही ती रस्त्यावर उतरून होते. हरकत आहे ती त्या सरकारचा हिशेब माझ्याकडे, किंवा सिडनीतल्या माझ्या भाचीकडे मागण्याला. तिची मुलं ज्यू शाळेत जातात. गणवेशावरचं चिन्ह बसमध्ये दिसू नये म्हणून ती त्यांना वरून साधं जाकीट घालायला लावते, उन्हाळ्यातही. पाकिस्तानने काही केलं की मोहम्मद अली रोडवरच्या माणसाला जाब विचारायचा, ही चाल आपल्याला ओळखीची आहे. माझ्या वरच्या मजल्यावरच्या काकांना हे मी तोंडावर सांगितलं आहे.

आणि हिटलर. फोर्टातल्या पदपथावर पुस्तकांचे ढीग लागतात, त्यात त्याचं आत्मचरित्र वर्षानुवर्षं वरच्या थरात असतं. मुलं ते व्यवस्थापनाचं पुस्तक असल्यासारखं घेतात. २००६ साली नवी मुंबईत एका उपाहारगृहाला त्याचं नाव दिलं होतं आणि स्वस्तिकासह फलक लावला होता. मुंबईतल्या ज्यूंनी विरोध केल्यावर नाव बदललं. चालकाच्या मनात द्वेष होता असं मी म्हणत नाही. साठ लाख ज्यू मारले गेले हे त्याला माहीत असूनही जाणवलं नव्हतं, इतकंच. आपल्या दैनिकातही 'देशाला एक हिटलर हवा' अशा अर्थाची पत्रं मी वाचली आहेत. शिस्त हवी असेल तर शिस्त म्हणा. नाझींच्या छळातून पळून मुंबईला आलेल्या ज्यूंपैकी वॉल्टर काउफमन यांच्याकडे आकाशवाणीच्या ओळखधुनेचं श्रेय जातं. ती धून ऐकत इथल्या दोन पिढ्या सकाळी उठल्या. ते प्राग सोडून इथे का आले, हे शाळेत एका ओळीत तरी सांगता येईल.

मोबाइलवर मराठीत फिरणारा मजकूर हा याहून नवा प्रकार आहे. जगातल्या बँका, औषध कंपन्या, वृत्तपत्रं ज्यूंच्या मुठीत आहेत, त्यांची गुप्त बैठक झाली, तिचा हा वृत्तांत, असं त्यात असतं. हा वृत्तांत रशियात १९०३ साली छापलेला खोटा दस्तऐवज आहे. तो दुसऱ्या एका पुस्तकातून उचललेला असल्याचं लंडनच्या टाइम्सने १९२१ साली सिद्ध केलं. शंभर वर्षांनी तो आमच्या इमारतीच्या गटावर एका निवृत्त प्राध्यापकांनी पाठवला. भाषांतर सफाईदार होतं. त्यांना मी ही तारीख कळवली आणि त्यांनी तो काढला, म्हणून सांगते, की कळवल्याने फरक पडतो. बऱ्याच लोकांच्या मनात विष नसतं, फक्त कोणी त्यांना सांगितलेलं नसतं.

आपल्याकडे मागणं असं. ज्यूंवरच्या हल्ल्याची बातमी ज्या देशात घडली त्या देशाची म्हणून छापा, पश्चिम आशियाच्या युद्धाच्या पानावर ढकलू नका आणि तिच्याशेजारी रणगाडा लावू नका. मँचेस्टरच्या सिनेगॉगपाशी मेलेले दोघं ब्रिटनचे नागरिक होते. आकडा देताना तो पोलिसांचा की संस्थेचा, आणि आदल्या वर्षी किती होता, एवढं एका वाक्यात द्या. क्राइस्टचर्चसारख्या घटना, दलितांवरचे, मुसलमानांवरचे, ख्रिश्चनांवरचे हल्ले यांनाही हीच पद्धत लावा. आणि आपल्या राज्यात धर्माच्या द्वेषातून झालेल्या मारहाणींची वेगळी नोंद का ठेवली जात नाही, हा प्रश्न आपल्या वार्ताहराने गृहखात्याला विचारावा. तक्त्यात एक रकाना वाढवायला खर्च येत नाही. मी असे रकाने हाताने आखले आहेत.

आपली नम्र,
एक निवृत्त लिपिक,
आग्रीपाडा, मुंबई